कमळच ना?

मागच्या सप्टेंबरमध्ये कासला गेले होते तेव्हा एका अनोळखी बाईला मी चुकीचं उत्तर दिलं. माहीत असून दिलं. गोष्ट इतकी बारीक आहे की सांगायला गेलं तर समोरचा 'बरं, मग?' असं तोंड करेल, म्हणून एका आईखेरीज आजवर कुणाला सांगितली नाही, पण ती चपलेत अडकलेल्या खड्यासारखी अजून टोचतेय, तर लिहूनच टाकते.

झालं असं की ऑफिसातल्या आम्ही चौघीजणी पहाटे पुण्यातून निघालो, बुकिंग सकाळच्या पहिल्या स्लॉटचं होतं. वर पोचलो तर धुकं असं की गेटवरचा माणूस तिकीट तपासताना मोबाईल नाकाशी धरून बघत होता. मग तासभर सगळ्यांसारखंच आम्ही पण केलं, तेरडा बघून ओरडलो, सीतेची आसवं बघायला वाकलो, त्या पिवळ्या फुलाला सगळे मिकी माऊस म्हणतात म्हणून त्यात मिकी माऊस शोधला (दिसतो, खरंच दिसतो, आणि एकदा दिसला की मग दुसरं काही दिसतच नाही, हीच तर पंचाईत आहे). मग बाकीच्या तिघींना भूक लागली. मी म्हटलं तुम्ही भजी खा, मी कुमुदिनी तळ्यापर्यंत जाऊन येते. महाबळेश्वरकडे जाणारा जुना राजमार्ग आहे तिथून दोनेक किलोमीटर आत चालायचं. वाटेत लाल राड, बुटात पाणी, प्रत्येक पावलाला पच्च पच्च आवाज, आणि छत्री उघडावी तर वारा ती उलटी करतो आणि मिटावी तर भुरभुर सुरू. पोचले तेव्हा साडेनऊच्या आसपास झाले असतील. समोर काहीच नव्हतं, नुसती पांढरी भिंत. आणि मग वाऱ्याचा एक झोत आला आणि कुणीतरी भांड्यावरचं झाकण काढावं तसं धुकं उचललं गेलं, तर खाली तळं, आणि तळं पण पांढरं. इतकी फुलं की पाणी शोधावं लागत होतं.

माझ्या बाजूला एक बाई उभी होती, तिच्या हाताला धरून एक पाच-सहा वर्षांची मुलगी, गुलाबी रेनकोटवाली. मुलीने विचारलं, "मम्मा, हे काय आहे?" बाई म्हणाली, "लोटस बेटा. कमळ." मुलगी म्हणाली, "पण कमळ पिंक असतं." यावर त्या बाईने जरा गडबडून माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "कमळच ना हो हे?"

मी म्हटलं, "हो. छोटं कमळ."

आता 'हो' एकवेळ समजू शकते मी. पण ते 'छोटं' लावायला कुणी सांगितलं होतं मला? नुसतं खोटं नाही, वर त्याला इस्त्री पण केली. बाईला बरं वाटलं, ती फोटो काढायला पुढे गेली. मुलगी मात्र जागेवरच उभी राहून माझ्याकडे बघत होती, रेनकोटच्या टोपीतून, अगदी शांतपणे. तिला पटलेलं नव्हतं.

ते फूल कमळ नाही हे कळायला काही वनस्पतिशास्त्र लागत नाही हो. कमळाचं पान पाण्याच्या वर छत्रीसारखं उभं राहतं, देठ बरोब्बर मधोमध चिकटलेला, कुठे चीर नाही. हिचं, म्हणजे कुमुदिनीचं, पान पाण्यावर सपाट पडलेलं आणि देठापाशी खोल कापलेलं, पत्त्यातल्या बदामासारखं. आणि फूल केवढं, तर रुपयाच्या नाण्याएवढं. पाच पाकळ्या, एखाद्याला सहा-सातही. मधे पिवळा ठिपका, हळदीचं बोट टेकवल्यासारखा. पण खरी गंमत पाकळीवर आहे. पाकळी गुळगुळीत नाहीच, तिच्यावर आणि कडेला पांढऱ्या केसांची दाट लव असते, पूर्वी बाळाच्या कुंचीला झालर लावायचे ना, तशी. त्या सकाळी त्या केसांवर धुक्याचे इतके बारीक थेंब अडकले होते की फूल भिजलंय असं वाटत नव्हतं, उलट कुणीतरी पिठीसाखर भुरभुरलीय असं वाटत होतं. इंग्रजीत हिला वॉटर स्नोफ्लेक म्हणतात. आपल्याकडे बर्फ कुठे पडतोय, पण उपमा चुकीची नाही म्हणायची.

काठाशी एक पान सुटं तरंगत होतं. तोडलेलं नव्हतं, कुणाच्या तरी पायाने तुटून आलं असणार. ते मी उचलून हातावर घेतलं. देठ बोटभर जाडीचा असेल असं वाटलं होतं तर तो चांगला बारीक निघाला, लोंबणारा, आणि पानाच्या जरासं खाली, देठातूनच फुटल्यासारखा कळ्यांचा झुबका. एक फूल उमललेलं, दोन कळ्या टोकदार, आणि कालचं एक फूल लिबलिबीत होऊन खाली वळलेलं. ही फुलं एकाच दिवसाची असतात. सकाळी उमलतात, दुपार सरता सरता मिटतात, आणि मग त्यांचा देठ वाकून पाण्यात जातो, फळ पाण्याखालीच पिकतं, वर कुणाला दिसत नाही. म्हणजे आज जे आपण बघतो ते आजचंच. उद्या त्याच तळ्याला उद्याची फुलं. पान परत पाण्यात सोडलं. असा तुटका तुकडाही ओल्या जागी टेकला की मुळं धरतो म्हणे, नवीन झाड उभं राहतं. इथे माहेर-सासरची उपमा द्यायचा जबरदस्त मोह होतोय. देत नाही.

बरं, मग मी 'हो' का म्हटलं?

पहिलं कारण म्हणजे मला तो शहाणपणा करायचा नव्हता. तुम्ही बघितली असतील ती माणसं, कुठल्याही पठारावर, किल्ल्यावर, देवळात, कुणी काही म्हणालं की 'नाही नाही, त्याचं काय आहे' करून मधे पडणारी. माझे एक मामा तसे होते. त्यांच्यासोबत कुठे जायचं म्हणजे परत येताना सगळ्यांची तोंडं वाकडी. त्यामुळे मी लहानपणीच ठरवलं होतं की आपण असं करायचं नाही. दुसरं म्हणजे बूट ओले होते. तिसरं कारण परतीच्या वाटेवर, त्या राडीतून चालताना माझ्या लक्षात आलं, आणि तिथेच मी थांबले, मागून येणाऱ्या सायकलवाल्याने घंटी मारली.

कारण आमच्या घरात कुमुदिनीला कमळ म्हणायची सवय आहे.

माझ्या आईचं नाव कुमुदिनी. म्हणजे होतं. म्हणजे आहेच, पण. तिचे वडील, आमचे अण्णा, जावळीतल्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते, संस्कृत थोडंफार यायचं आणि जितकं यायचं त्यापेक्षा त्याची हौस जास्त, त्यामुळे मुलींची नावं अशी चार-चार अक्षरांची. संस्कृतात कुमुदिनी म्हणजे चंद्र उगवला की उमलणारी, चंद्राला कुमुदनाथ म्हणतात ते त्यामुळेच. आई जन्मली कोजागिरीच्या आसपास, त्यामुळे अण्णांना हे नाव फिट्ट बसलं असणार. १९७४ साली, एकोणिसाव्या वर्षी तिचं लग्न झालं आणि ती कराडकडे आमच्या घरी आली. आता आमच्या घरात थोरल्या काकूंचं नाव आधीच कुमुद होतं. एका घरात दोन कुमुद म्हणजे हाक मारली की दोघी ओ देणार, आजीला ते चालणार नव्हतं. मग तबकात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने त्यात नाव लिहिलं. कमल. कुणी सुचवलं माहीत नाही. कुमुदच्या जवळचं काहीतरी असावं, तेही पाण्यातलंच, एवढाच विचार झाला असेल. कदाचित तेवढाही नसेल, तांदळात लिहायला तीन अक्षरं बरी पडतात.

त्या पिढीतल्या बायकांची हजेरी घ्यायला बसलं ना तर अख्खं तळं भरेल. कमल, नलिनी, सरोज, पद्मा, कुमुद, मृणालिनी. आमच्या आळीतच दोन नलिनी आणि तीन कमल होत्या. एकीलाही पोहता येत नव्हतं.

तर आई 'कमल' झाली आणि छानच झाली. याबद्दल तिच्या तोंडून कधी तक्रार ऐकली नाही, उलट मी लग्नाच्या वेळी 'नाव बदलणार नाही' असं जाहीर केल्यावर सगळ्यात आधी तीच म्हणाली, "बदल की, काय बिघडतंय? एक हौस असते त्यांची." मी भांडले. मी तिच्या बाजूने भांडतेय असं मला वाटत होतं, आणि ती मात्र त्या बाजूला उभीच नव्हती, ती स्वयंपाकघरात बेसन भाजत होती. आम्ही लेकी आयांच्या वतीने किती लढाया लढतो ना, त्यांना न विचारता.

पण नाव असं जात नाही कुठे. ते कागदात दबा धरून बसतं. बाबा गेले आणि फॅमिली पेन्शनची फाईल सुरू झाली तेव्हा कळलं की आईच्या शाळेच्या दाखल्यावर कुमुदिनी आहे, बाबांच्या सर्व्हिस बुकात कमल, आधारवर कमल, आणि मधे कुठल्याशा जुन्या पासबुकात चक्क 'कुमुद', म्हणजे थोरल्या काकू. एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात, तिथून परत पहिल्या. प्रत्येक ठिकाणी काचेपलीकडचा माणूस दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवायचा आणि आईकडे असा बघायचा की जणू तिने एक बाई लपवून ठेवलीय. शेवटी प्रतिज्ञापत्र करायचं ठरलं. कोर्टाच्या आवारात पत्र्याखाली टायपिंगवाले बसतात तिथे त्याने पाठ असल्यासारखं टाईप केलं, की मी कुमुदिनी अमुक तमुक आणि मी कमल अमुक तमुक, सदर दोन्ही नावांची व्यक्ती एकच असून ती मीच आहे. आई ते दोनदा वाचत बसली. मग म्हणाली, "बरं लिहिलंय." खाली दोन सह्या करायच्या होत्या, दोन्ही नावांनी. 'कमल'ची सही तिने झर्रकन केली, ती घाईची, पोस्टमनला करतात तशी, ल ची शेपटी उडालेली. आणि मग 'कुमुदिनी' लिहायला घेतलं तर तिचा हात बदललाच. एकेक अक्षर गोल, सुटं, रेघ पट्टीने मारल्यासारखी, दिनी मधली वेलांटी नीट वळवून. एकोणिसाव्या वर्षानंतर त्या नावाने तिने सही केलीच नव्हती, त्यामुळे ती सही तिथेच थांबली होती, वयच वाढलं नव्हतं तिचं. एकाच कागदावर वरती सत्तरीला टेकलेली बाई आणि खाली शाळकरी मुलगी. शिक्का मारणाऱ्याने दोघींवर मिळून एकच शिक्का मारला.

कासहून आल्यावर रात्री झोप येईना म्हणून मी त्या फुलाबद्दल वाचत बसले. (हे माझं नेहमीचं, चूक केली की अभ्यास करायचा.) तर पहिली गोष्ट, कमळ, पोयणी (म्हणजे वॉटर लिली) आणि ही कुमुदिनी तिघी तीन वेगळ्या घरच्या. एका तळ्यात राहतात म्हणून आपण बहिणी समजतो. कमळाचं गणगोत शोधत गेलं तर मॅकाडेमियाच्या झाडापाशी जाऊन पोचतो, आणि कुमुदिनी बसते सूर्यफूल-शेवंतीच्या गणात. शेवंतीच्या! दिसायला कुठे काही नाही. दुसरी गोष्ट, तिचं शास्त्रीय नाव निम्फॉइडिस इंडिका. निम्फिया म्हणजे पोयणी, आणि निम्फॉइडिस म्हणजे निम्फियासारखी. झालं. म्हणजे जगभरातल्या कागदोपत्री हिचं नावच 'त्या दुसरीसारखी दिसते ती' असं आहे. तेही सरळ मिळालं नाही, १७५३ मध्ये लिनियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने आधी मेनियांथेस इंडिका म्हटलं, १८९१ मध्ये कुन्ट्झेने ते बदलून निम्फॉइडिस केलं. हिचंही लग्न झालं म्हणायचं.

आणि लिनियसच्या आधी काय? त्याने आधार घेतला होता तो 'होर्तुस मलाबारिकुस'चा. कोचीनच्या डच गव्हर्नरने, हेंड्रिक व्हान ऱ्हीडने मलबारातल्या झाडापेडांवर करवून घेतलेला बारा खंडांचा ग्रंथ, १६७८ ते १६९३ ॲमस्टरडॅमला छापलेला. त्याच्या अकराव्या खंडात आपली ही बाई आहे, नाव नेदेल-आंबेल, आणि त्याच खंडात जरा पुढे कमळ, तामरा या नावाने. दोघींची चित्रं वेगळी, पानं वेगळी, नावं वेगळी. साडेतीनशे वर्षांपूर्वी कुणाला घोळ नव्हता. या ग्रंथासाठी ज्यांनी माहिती सांगितली त्यात कोचीनचे तीन कोंकणी वैद्य होते, रंगभट, विनायक पंडित आणि आपुभट. आणि त्यांनी १६७५ साली सही करून दिलेलं एक पत्र पहिल्या खंडात जसंच्या तसं छापलंय, नागरी लिपीत, कोंकणीत. आम्ही हे काम केलंय आणि सांगितलं ते खरं आहे, अशा अर्थाचं. ते पान मी मोबाईलवर मोठं करून बघत बसले, रात्रीचे दीड वाजले होते, आणि मला एकदम हसायलाच आलं. ॲफिडेव्हिट! दुसरं काय? झाडांची नावं खरी आहेत म्हणून तिघांनी मिळून केलेलं प्रतिज्ञापत्र. आणि मी, मला कुणी शिक्का मागितला नव्हता, स्टॅम्प पेपर मागितला नव्हता, एका पोरीने नुसतं विचारलं होतं, तर मी छोटं कमळ सांगून मोकळी.

एक गोष्ट मात्र वाचून फार आवडली. या कुमुदिनीच्या एकाच जातीत दोन तऱ्हेची झाडं असतात. एकीच्या फुलात मधली स्त्रीकेसराची काडी लांब आणि परागकोश खाली, दुसरीच्या फुलात बरोबर उलटं, काडी बुटकी आणि परागकोश वर. वरून बघितलं तर दोघी सारख्या, वाकून आत डोकावलं तरच फरक कळतो. आणि बी नीट धरायचं तर एकीचा पराग दुसरीला लागावा लागतो, आपल्यासारखीचा चालत नाही. म्हणजे तळ्याला दोन कुमुदिनी लागतातच. आमच्या आजीला हे कुणीतरी सांगायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी आईला फोटो पाठवले. ती कराडलाच असते, गुडघ्यांमुळे आता फार फिरत नाही. तासाभराने तिचा फोन आला.

"आगं, हे कुठलं?"

म्हटलं कास. कुमुदिनी तळं. मी तिला जरा नाट्यमय पॉझ घेऊन सांगितलं, "आई, ही कुमुदिनी. हे तुझं फूल." आता इथे मला वाटलं होतं की ती गहिवरेल, निदान गप्प होईल. सत्तरी उलटलेल्या बाईला तिचं नाव पहिल्यांदा दिसतंय वगैरे. माझी तयारी होती.

ती म्हणाली, "हे होय! हे म्हशींच्या तळ्यातलं."

मग सगळं बाहेर आलं. ती लहान असताना शेजारची पोरं गुरं घेऊन वर सड्यावर जायची, सुट्टीत ही पण त्यांच्या मागे जायची, अण्णांना न सांगता. वर दोन-तीन डबकी होती, त्यातलं कुठलं कुठलं ते आता काय सांगू म्हणाली, पावसाळ्यात भरायची, उन्हाळ्यात त्यांचा नुसता भेगाळलेला चिखल व्हायचा. पाणी असलं की म्हशी जाऊन बसायच्या, गळ्यापर्यंत, आणि हलायच्या नाहीत. आणि मग संध्याकाळी त्यांना हाकलून बाहेर काढलं की शिंगांना ती वेल अडकलेली असायची, पानं आणि मिटलेली फुलं लोंबतायत, काही कानावर, काही पाठीवर. "अशा नटलेल्या यायच्या," आई म्हणाली, "आणि वास असा, शी." पोरं ती वेल ओढून एकमेकांच्या अंगावर फेकायची. ओली, गार, बुळबुळीत. हिच्या फ्रॉकात एकदा मागून घातली होती कुणीतरी, तर ही रडत रडत डोंगर उतरली होती आणि घरी फटके पण खाल्ले.

"मग त्याला तुम्ही काय म्हणायचात?"

"काय म्हणायचं? म्हशीचं फूल."

"आणि अण्णा? अण्णांनी कधी सांगितलं नाही, हे तुझं नाव म्हणून?"

"अण्णा कशाला वर येतायत? त्यांचं धोतर खराब झालं असतं."

मी फोन धरून बसले. अण्णांनी पुस्तकातून, चांदण्यातून आणलेलं नाव, आणि ज्या मुलीला ठेवलं तिच्या फ्रॉकात ते फूल चिखलासकट जाऊन बसलेलं, आणि दोघांनाही पत्ता नाही. त्यात परत हे फूल चांदण्यात उमलतच नाही. दुपारनंतर मिटतं. चंद्राशी हिची गाठ पडायचा प्रश्नच नाही, अण्णांच्या मनात होती ती रात्री फुलणारी पांढरी पोयणी. म्हणजे चुकीच्या फुलाला ते नाव, किंवा बरोबर नावाला चुकीचं फूल. मी हे आईला समजावून सांगायला लागले, अगदी मामांसारखी, 'त्याचं काय आहे' करून. ती मधेच म्हणाली, "थांब, दूध उतू जातंय."

दूध बघून आल्यावर मी तिला ते गुलाबी रेनकोटवालं सांगितलं. पहिल्यांदाच कुणाला तरी सांगितलं. म्हटलं मी खोटं बोलले गं त्या पोरीशी, मला इतकं लागलंय ते. आई म्हणाली, "मग खरं सांगून काय म्हणणार होतीस? म्हशीचं फूल?" आणि स्वतःच्याच जोकवर इतकी हसली की तिला खोकला आला.

पण नंतर, बहुतेक चार दिवसांनी, बघितलं तर तिने व्हॉट्सॲपचा डीपी बदललेला. इतकी वर्षं तिथे विठोबा होता. आता तो माझा फोटो, हातावर धरलेलं ते पान, एक उमललेलं फूल, दोन कळ्या, माझा अंगठा पण थोडासा आलेला. मी काही बोलले नाही. असल्या गोष्टींवर बोललं की ती लगेच बदलते.

आणि मग फॅमिली ग्रुपवर सकाळी थोरल्या काकूंचा मेसेज आला. काकू आता त्र्याऐंशीच्या आहेत, नातवाने फोन शिकवलाय तेव्हापासून सुप्रभात कधी चुकवलं नाही. मोतीबिंदूचं ऑपरेशन एका डोळ्याचं झालंय, दुसऱ्याचं व्हायचंय. त्यांनी लिहिलं होतं, 'कमल तुझ्या फोटोतले कमळ छान आहे.' खाली आईचं उत्तर, दोन जोडलेले हात आणि 'थँक्यू वहिनी'.

मी लगेच फोन लावला. म्हटलं, आई, निदान त्यांना तरी सांगायचंस. त्या स्वतः कुमुद आहेत! त्यांना तरी माहीत असायला नको का?

"त्यांनी कमळ म्हटलंय ना," आई म्हणाली, "मग असू दे." मागे कुकरची शिट्टी झाली, तिने ती मोजली, "दोन", आणि मग विचारलं, "त्या पोरीचा रेनकोट गुलाबी होता म्हणालीस?"

म्हटलं हो.

"म्हणून तिला पिंक पाहिजे होतं."